पाळण्याची कॅसेट

संघपाल खोब्रागडे वाघाला भीत नसे. नागभीडला राहून वाघाला भ्यायचं म्हटलं, तर सकाळी दूध आणायलाही घराबाहेर पडता यायचं नाही. वनखात्याची गाडी भोंगा लावून "नागरिकांनी एकटे फिरू नये" असं सांगत गेली की तो खिडकी लावून घेई आणि पेपर पुढे वाचू लागे. साहेबाला तो भीत असे, पण माफक. सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला शोभेल एवढंच. खरी भीती त्याला एकाच माणसाची होती. ते म्हणजे त्याचे सासरे, देवराव मामाजी.

आता देवराव मामाजी कधी कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, उंच, वाळका, कमी बोलणारा म्हातारा. पण तो समोर बसून काही न बोलता बघायला लागला, की संघपालला आपण केलेले आणि न केलेलेही गुन्हे एकदम आठवायला लागत.

त्यांचा फोन आला तेव्हा मंजुषा, म्हणजे संघपालची बायको, तांदूळ निवडत होती. फोन स्पीकरवर होता.

"मंजे, पंधरा तारखेले तुह्या मायले जाऊन चार वर्सं होऊन राह्यले. मी तुमच्या इथी येतो. तो टेप काढून ठेव. तिचा पाळणा ऐकाचा हाय मले."

"या ना बाबा. टेप एकदम चांगला हाय. हे दर महिन्याले पुसतेत त्याले."

संघपालच्या हातातला चहा बशीत सांडला.

टेप म्हणजे लग्नात मामाजींनी दिलेला, दोन स्पीकरचा, वर उचलायला दांडा असलेला, आठ मोठ्या सेलवर चालणारा काळा टेपरेकॉर्डर. भेट झाली की मामाजी दोनच प्रश्न विचारत. तब्येत कशी हाय, आणि टेप कसा हाय. संघपाल दोन्हीचं उत्तर "फर्स्टक्लास, मामाजी" असं देई. पहिलं उत्तर निम्मं खरं असे. टेप सोळा वर्षांपासून माळ्यावर पडला होता आणि त्यात उंदरांच्या किती पिढ्या नांदून गेल्या हे उंदरांनाच ठाऊक.

पण टेप बंद असणं ही संघपालची भीती नव्हती. टेप बंद आहे, हाच तर त्याचा आधार होता.

त्याचं असं झालं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्याची मुलगी रंजीता जन्मली. नामकरणाच्या दिवशी बाळंतपणासाठी घरी आलेल्या सासूबाई रुखमाबाईंनी स्वतः रचलेला पाळणा म्हटला, आणि मामाजींनी तो याच टेपवर भरून घेतला. वर कुणी चुकून पुसू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची बारीक पट्टी नखाने मोडून टाकली. पट्टी मोडून तिथे खाच पडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. संघपाललाही माहीत होतं. पण पंधराच दिवसांनी त्याची खात्याची परीक्षा होती, रजेचे नियम काही केल्या पाठ होत नव्हते, आणि आपल्याच आवाजात भरून पुन्हा पुन्हा ऐकले तर डोक्यात बसतील असं कुणीतरी सांगितलं होतं. घरात कोरी कॅसेट नव्हती. पाळणा दुसऱ्या बाजूला असेल, ही बाजू रिकामी असेल असं समजून त्याने खाचेवर सरकारी लिफाफ्याचा तुकडा डिंकाने चिकटवला आणि 'प्रकरण पहिलं' पासून सुरुवात केली. ती बाजू रिकामी नव्हती. परीक्षेत तो पास झाला. पाळणा पुसला गेला, हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि परीक्षेनंतर ती कॅसेट ना पुन्हा लावली होती, ना कुणाला लावू दिली होती.

रुखमाबाईंचा दुसरा कुठलाही आवाज कुणाकडे नव्हता. मोबाईलसमोर त्या बोलतच नसत. तो कुठे काय घेऊन जातो याचा भरवसा नाही म्हणत. फोटो चांगले दोनशे होते. ते सगळे मुके.

"काढा ना टेप खाली," मंजुषा म्हणाली.

टेप खाली आला. काहीच चालू झालं नाही. संघपालला एवढा आनंद झाला की तो लपवायला त्याला कपाळाला हात लावून खाली बसावं लागलं.

"आता काय सांगावं मामाजींना?" तो म्हणाला. "काळापुढे कुणाचं चालतं?"

काळापुढे कुणाचं चालत नसेल, शेजाऱ्यांचं मात्र चालतं. समोरच्या सुगंधाबाई आल्या. त्यांच्या भाचीचा मोबाईल पाण्यात पडला होता, तो तांदळात पुरून ठेवल्यावर बरा झाला होता. टेप पाण्यात पडलेला नव्हता, पण नागभीडसारख्या धानाच्या गावात घरात तांदळाची कोठी असताना एवढ्या बारीक कारणासाठी कोण थांबतो? टेप दोन दिवस कोठीत पुरला. बाहेर काढला तेव्हा स्पीकरच्या जाळीतून तांदूळ गळत होते आणि त्यातले सोंडे सहकुटुंब टेपमध्ये राहायला गेले होते. बसस्टँडजवळच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने टेप हातात घेऊन, एखाद्या पुढाऱ्याच्या प्रेतयात्रेत करतात तसा चेहरा करून तो परत दिला. संघपालचं मन हलकं हलकं होत चाललं होतं.

मग शेजारचे नानाजी आले. निवृत्त मास्तर. त्यांनी आयुष्यात कुणाचंही काम अर्धवट सोडू दिलेलं नव्हतं.

"वारलूकडे न्या," नानाजी म्हणाले. "एटापल्लीच्या अलीकडच्या गावात मी सात वर्सं मास्तर होतो ना जी. तिथी वारलू हाय. त्याच्याइतका टेपचा कारीगर दोन जिल्ह्यांत नाई."

"एटापल्ली? नानाजी, दोनशे किलोमीटर होते!"

"सासूचा आवाज हाय जी. दोनशे किलोमीटर म्हंजे काय?" नानाजींनी मंजुषाकडे पाहिलं. मंजुषाने डोळ्याला पदर लावला. विषय संपला.

नानाजींनी आणखी एक सल्ला दिला. जंगलातल्या गावात लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा तपासायला आपली बॅटरी सोबत असलेली बरी. त्यांनी स्वतः संघपालच्या मोटरसायकलची बॅटरी काढली, लाल आणि हिरव्या वायरीने टेपला जोडली, सगळं काळ्या चिकटपट्टीने गच्च आवळलं आणि धानाच्या पोत्यात भरलं. गडचिरोलीच्या जंगलातल्या बसने असलं पोतं घेऊन जाणाऱ्या माणसाचं काय होऊ शकतं, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

मंजुषाने कॅसेट संघपालच्या शर्टाच्या खिशात घातली. "तिथी लावून पाहा हं. आधी तुम्हीच ऐका."

बस ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा त्याचा हात खिशाकडे गेला. खिडकी उघडी होती. एक झटका, आणि सगळं संपलं असतं. कॅसेट प्रवासात पडली. कोण विचारतं? त्याने ती बाहेर काढली. वेष्टनावर मामाजींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'रंजीताच्या आजीचा पाळणा. जपून ठेवणे.' पूल बराच लांब आहे. संघपाल कॅसेट हातात धरून पूर्ण पूल बसून राहिला, आणि पलीकडे गेल्यावर त्याने ती परत खिशात ठेवली. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

गडचिरोलीला बस बदलली. पुढे जंगल दोन्ही अंगांनी जवळ आलं, आणि एका वळणावर तपासणी नाका लागला. एक जवान बसमध्ये चढला, पोती चाचपत मागे आला, संघपालच्या पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं आणि जागच्या जागी थिजला.

"हे कोणाचं होय?" त्याने एकदम हळू आवाजात विचारलं.

सगळी बस संघपालकडे वळली. गडचिरोलीपासून त्याला चिवडा देत आलेली बाई चिवड्यासकट उठून दारात गेली. संघपालने पोत्यात डोकावलं, आणि काळी पेटी, बॅटरी, लाल वायर, हिरवी वायर ही चीज त्याला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसली.

पुढचा एक तास तो एका मोहाच्या झाडाखाली हात वर करून उभा होता. पोतं वाळूच्या गोण्यांआड ठेवलं होतं. एक कुत्रा आणला, त्याने पोतं हुंगलं आणि सलग चार वेळा शिंकला. शिंकेचा अर्थ काय लावायचा हे कुणाला कळेना, म्हणून साहेबांना बोलावलं. साहेब तिकडचे, सातारा-सांगलीकडचे होते.

"काय आहे हे?"

"टेपरेकॉर्डर, साहेब. सासऱ्यांनी दिलेला."

"वाजवून दाखवा."

"वाजत नाही साहेब. म्हणून तर दुरुस्तीला नेतोय."

"वाजत नाही, मग टेपरेकॉर्डर आहे कशावरून?"

तीस वर्षं त्याने समोर उभ्या असलेल्या पेन्शनरांना "तुम्ही हयात आहात कशावरून?" असं विचारून दाखले आणायला पाठवलं होतं. त्यावेळी हा प्रश्न त्याला फार वाजवी वाटायचा.

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

लेखी म्हटल्यावर संघपालच्या अंगात पुन्हा प्राण आला. त्याने कागद मागितला, समास सोडला, 'विषय' आणि 'संदर्भ' घातले, आणि जोडपत्रासह असा अर्ज लिहिला की साहेबांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी त्याला खुर्ची दिली, आणि जरा घसा खाकरून विचारलं, "रजेचे अर्जही लिहिता का हो? आमच्या पोरांचे सगळे परत येतात."

संघपालने मोहाच्या झाडाखाली बसून सात जवानांचे रजेचे अर्ज लिहिले. एकही नियम पुस्तकात बघावा लागला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी जसे डोक्यात बसले होते तसे सगळे जागच्या जागी होते, आणि प्रत्येक नियम लिहिताना तो कशावर भरून पाठ केला होता हे त्याला आठवत होतं. सातव्या अर्जात त्याने जवानाऐवजी स्वतःचंच नाव लिहिलं आणि खोडलं. जवानांना वाटलं, बिचारा अजून भ्यालेला आहे. त्यांनी त्याला जीपने वारलूच्या गावापर्यंत सोडलं. त्यामुळे टेप जप्त होईल ही शेवटची आशाही गेली.

वारलू पन्नाशीचा, शांत, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा लावणारा माणूस. त्याच्या पडवीत तीसेक टेप ओळीने मांडले होते. गावात लोक अजून टेप वापरत होते, पण गाण्यांसाठी नव्हे. धान पिकलं की रानडुकरं येतात, आणि रात्रभर शेतातल्या मचाणावर बसून ओरडायचं तर घसा बसतो. म्हणून वारलूने एक कॅसेट तयार केली होती. त्यात त्याने स्वतः, त्याच्या कुत्र्यांनी आणि डबे बडवणाऱ्या तीन भावांनी मिळून तासभर आरडाओरडा भरलेला होता. ती कॅसेट टेपमध्ये घालून बांधावर ठेवायची, आणि आपण झोपायचं.

"जोहार दादा," वारलू म्हणाला. त्याने झाकण उघडलं. आधी सोंडे निघाले, मग तांदूळ, मग उंदराचं घरटं. "बेल्ट विरघळला. काकवी झाली पुरी."

"म्हणजे गेला ना?" संघपालने आशेने विचारलं.

"कुठी जाते? सायकलच्या ट्यूबचा कापून देतो."

रात्री संघपाल त्याच्याच पडवीत झोपला, आणि सकाळी उठून बघतो तर टेप चालू. वारलूने आपली डुकरांची कॅसेट घालून बटण दाबलं आणि टेपमधून "हो ऽ हो ऽ हो ऽ हाड ऽ" असा जाडा, घोगरा गलका उठला.

"बेल्ट थोडा ढिला हाय. आवाज जाड येईल," वारलू म्हणाला. "तुमची कॅसेट द्या, लावून पाहू."

संघपालने खिसा दोन्ही हातांनी झाकला. "नको, नको. घरी लावू."

वारलूने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात संघपालला मामाजी दिसले आणि कधी एकदा निघतो असं झालं. घाईघाईत बटण अडकलं, झाकण उघडेना, वारलूची कॅसेट आतच राहिली. "घेऊन जा दादा, मंग पाठवा," तो म्हणाला, आणि बॅटरीची वायर सोडवून त्याने पोतं बांधून दिलं.

परतीच्या बसमध्ये संघपाल पोत्यावर पाय ठेवून बसला होता. बस नाक्यावर हळू झाली, एका खड्ड्यात आदळली, सुटलेली वायर बॅटरीला टेकली, आणि पायाखालून वारलू, त्याचे तिन्ही भाऊ आणि कुत्रे एकदम ओरडले. एक म्हातारा सीटखाली शिरला. ड्रायव्हरने ब्रेक मारला. बंदूक घेऊन धावत आलेला जवान कालचाच होता. त्याने संघपालला ओळखलं आणि बंदूक खाली केली.

"वाजला ना जी!" तो आनंदाने म्हणाला. "आता लेखी नाई लागत."

पंधरा तारखेला मामाजी आले. आंघोळ करून, पांढरा धुवट शर्ट घालून ते रुखमाबाईंच्या फोटोसमोर सतरंजीवर बसले. त्रिशरण-पंचशील झालं. मेणबत्ती लावली. वारलूची कॅसेट स्क्रूड्रायव्हरने आदल्या दिवशीच निघाली होती, आता कुठलीच अडचण शिल्लक नव्हती. शेजारून सुगंधाबाई आल्या होत्या, नानाजी तर पहिल्या रांगेत होते. संघपालने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ऑफिसमध्ये तातडीचं काम निघाल्याचं त्याने दोनदा सांगून पाहिलं, पण त्या दिवशी रविवार होता.

"लावा जवाई," मामाजी म्हणाले.

त्याने कॅसेट घातली. बोट बटणावर टेकवलं. हे बोट आता उचललं तरी चालणार नाही आणि दाबलं तरी चालणार नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने दाबलं.

खरखर. आणि मग एका तरुण माणसाचा संथ, घोगरा आवाज: "रजा ही हक्क म्हणून मागता येणार नाही. रजा ही हक्क म्हणून मागता येणार नाही. रजा ही..."

नानाजींचे जोडलेले हात तसेच राहिले. मंजुषाने आधी टेपकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हा तं तुमचा आवाज होय," ती म्हणाली.

मामाजींनी कॅसेटचं रिकामं वेष्टन उचललं, ते वाचलं, मग टेपच्या झाकणाशी वाकून आत दिसणाऱ्या कॅसेटच्या कडेला चिकटलेला पिवळा कागद पाहिला. आणि मग त्यांनी मान वर करून संघपालकडे बघायला सुरुवात केली.

"मामाजी," संघपाल म्हणाला. "मीच. परीक्षा होती. बाजू रिकामी असेल वाटलं. खाचेवर कागद मीच लावला. पाळणा माझ्याच हातानं पुसला गेला. पंचवीस वर्षं तुमच्याशी खोटं बोलत आलो. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

मंजुषा रडायला लागली. संघपालने टेप बंद करायला हात पुढे केला, पण बटण अडकलेलं होतं, आणि टेप आपला "रजा ही हक्क म्हणून" सांगतच राहिला. तो ते बटण खेचत असतानाच टेपमधून भांड्याचा आवाज आला. दूरवरून एक बाई बोलत होती.

"जवाई, उठा आता. भाकर थंडी होऊन राह्यली."

मामाजींनी संघपालचं मनगट पकडलं.

"मामीजी, रेकॉर्डिंग चालू आहे," टेपमधला तरुण संघपाल चिडून म्हणाला.

"चालू हाय तं राहू दे! मी काय चोरी करून राह्यली?" आवाज जवळ आला. "मंजे, तुह्या नवऱ्याले काई होत नाई वं. एकच ओळ सकाळपासून म्हणून राह्यला. बाळ पाठ करून टाकन, ह्याले येणार नाई." आणि मग हसणं. खूप वेळ, धाप लागेपर्यंतचं, तोंडाला पदर न लावता केलेलं हसणं. मग दार लागलं, आणि रजेचे नियम पुन्हा सुरू झाले.

मंजुषा रडता रडता थांबली होती. संघपालचं मनगट अजून मामाजींच्या हातात होतं.

"पाळणा गेला, मामाजी," संघपाल हलकेच म्हणाला.

"पाळणा ती चार लोकाइत म्हणे," मामाजी म्हणाले. "हे घरचं हाय." त्यांनी मनगट सोडलं. "मागं घ्या. पुन्हा लावा."

मागे घ्यायचं बटण वारलूलाही जमलं नव्हतं. संघपालने झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, कॅसेट काढली, दाते असलेल्या भोकात पेन घातलं आणि फीत मागे गुंडाळायला सुरुवात केली. फीत जुनी होती, जागोजागी चुरगळलेली. एक झटका जास्त बसला तर तुटणार होती. आता त्याला मामाजींची भीती राहिली नव्हती. त्याला त्या फितीची भीती वाटत होती, आणि ती मघाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

"बेल्ट ढिला आहे, मामाजी," तो पेन फिरवता फिरवता म्हणाला. "म्हणून आवाज असा जाड येतो."

"बेल्ट कायचा?" मामाजी फोटोकडे बघत म्हणाले. "सर्दी झाली होती तवा तिले."